पीडीएफ नको, जोडणी द्या!



नागपूरच्या सोनेगावला अमुक तारखेला किती पाऊस पडला, हे मला कुहीत बसून अमेरिकेच्या सरकारला विचारता येतं. अर्ध्या मिनिटात उत्तर येतं, तेही थेट माझ्या संगणकातल्या तक्त्यात. पण आपल्या कुहीच्या, मांढळच्या, वेलतूरच्या पावसाचं तसं नाही. पाऊस आपल्या वावरात पडतो, मोजणारं यंत्र आपल्याच तालुक्यात उभं आहे, त्या आकड्यावर आपली मदत ठरते. आणि तो आकडा ज्या सरकारी डेटाबेसमध्ये आहे, त्याला कुहीच्या माणसानं प्रश्न विचारायची सोयच नाही. वेबसाइटवर जे दाखवतील ते पाहा, नाहीतर पीडीएफ घ्या आणि घरी जा.

पोस्ट लांब आहे. पण ज्यानं पीक विमा भरला असेल, ज्याचं सोयाबीन कधी पाण्याखाली गेलं असेल, त्यानं शेवटपर्यंत वाचावी. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण आहे तो खिशाचा.

आधी अमेरिकेचं प्रकरण सांगतो, म्हणजे मी हवेत बोलतोय असं वाटणार नाही.

अमेरिकेत नोआ नावाचं सरकारी खातं आहे. हवामान आणि समुद्र हे त्यांचं काम. जगभरातल्या हवामान केंद्रांच्या रोजच्या नोंदी ते एका मोठ्या तक्त्यात ठेवतात. त्यात आपल्या देशातली केंद्रंही आहेत, आणि नागपूर सोनेगाव हे त्यातलं एक. २०१५ पासून नोआनं आपली माहिती खासगी क्लाउड कंपन्यांकडे लोकांसाठी उघडी ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे हा तक्ता गूगलच्या बिगक्वेरी या डेटा वेअरहाउसमध्ये आहे. वेअरहाउस म्हणजे गोदाम. आपल्या बाजार समितीत धान्याचं असतं, तसं हे आकड्यांचं. कोट्यवधी ओळी एका जागी रचून ठेवलेल्या, आणि प्रश्न विचारला की काही सेकंदांत हवं तेवढंच काढून देणारं.

आता माझ्याकडे काय आहे? मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस. ऑफिससोबत येणारा साधा डेटाबेस. आमच्या कास्तकार गटाच्या पेऱ्याच्या, विम्याच्या पावत्यांच्या आणि नुकसानीच्या अर्जांच्या नोंदी मी त्यातच ठेवतो. कोणाकडे अ‍ॅक्सेस नसेल तर लिबरऑफिस बेस फुकट मिळतं, तेही चालतं.

या दोघांना जोडायला लागतो एक ड्रायव्हर. ओडीबीसी त्याचं नाव. नवीन काही नाही, १९९२ सालापासून आहे. ड्रायव्हर म्हणजे मधला दुभाष्या. अ‍ॅक्सेस एक भाषा बोलतो, गोदाम दुसरी बोलतं, हा दोघांचं एकमेकांना समजावून सांगतो. तो उतरवून घ्यायचा, गोदामाचा पत्ता भरायचा, आपल्या खात्यानं लॉगिन करायचं, आणि तिकडचा तक्ता अ‍ॅक्सेसच्या डाव्या पट्टीत आपल्या तक्त्यांच्या शेजारी येऊन बसतो. पैसे? महिन्याला १ टेराबाइटपर्यंतची विचारपूस फुकट. एका गावाच्या कामाला एवढं जन्मभर पुरेल.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. सगळं गोदाम घरी आणायचं नसतं. अ‍ॅक्सेसच्या फायलीला २ जीबीची मर्यादा आहे, एक्सेलच्या एका शीटला १०,४८,५७६ ओळींची. म्हणून प्रश्न तिकडे पाठवायचा, चाळणी तिकडेच लावायची, आणि फक्त उत्तर इकडे आणायचं. सोनेगावचा गेल्या काही वर्षांचा जून ते सप्टेंबरचा पाऊस मागितला तर काही शेकडा ओळी येतात. त्या तक्त्यात पाऊस मिलिमीटरच्या दहाव्या भागात लिहिलेला असतो. ६५० दिसलं तर ६५ मिलिमीटर समजायचं. बस, एवढंच शिकावं लागतं.

म्हणजे हे होतं. कुहीत होतं. साध्या संगणकावर, साध्या नेटवर होतं. तंत्रज्ञान अडलेलं नाही, हे एकदा पक्कं करून घ्या. पुढचं सगळं त्यावर आहे.

आता आपल्याकडे या.

राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. स्कायमेट कंपनीसोबतचा हा प्रकल्प. २०१७ साली सुरुवात झाली ती आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावातून. दोन हजारांवर केंद्रं. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांची दर १० मिनिटांनी नोंद. म्हणजे एका केंद्राच्या दिवसाला १४४ नोंदी, वर्षाला ५२,५६०. दोन हजार केंद्रं धरली तरी राज्यभरात वर्षाला साडेदहा कोटी ओळी होतात. एवढी श्रीमंत माहिती आपल्याकडे आहे. कोणाच्या बापजाद्यांना मिळाली नव्हती.

यातून लोकांच्या हाती काय पडतं? रोजचा एक आकडा. आज या मंडळात इतका मिलिमीटर. झालं.

हा एक आकडा कुठे घात करतो ते सांगतो.

अतिवृष्टी कधी म्हणायची? महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर. हा निकष आपल्याकडे पानठेल्यावरचा माणूसही सांगतो. पण २४ तास म्हणजे कुठून कुठपर्यंत? आपल्या देशात पावसाचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. आता असं समजा, मंगळवारी पहाटे पाचला पाऊस सुरू झाला आणि दुपारी बाराला थांबला. साडेआठच्या आत पडला ४५ मिलिमीटर, साडेआठनंतर ४०. सात तासांत ८५ मिलिमीटर. बांध्या फुटल्या, पऱ्हाटी आडवी झाली, नाला वावरात शिरला. पण कागदावर? एका दिवसाच्या खात्यात ४५, दुसऱ्या दिवसाच्या खात्यात ४०. दोन्ही ६५ च्या खाली. अतिवृष्टी झालीच नाही!

हे दर १० मिनिटांच्या तक्त्यात लख्ख दिसतं. एक क्वेरी लिहायची: या केंद्रावर सलग कोणत्याही २४ तासांत ६५ च्या वर पाऊस कधी झाला? उत्तर तारखेसकट, वेळेसकट येतं. ते घेऊन तहसीलदारांकडे जाता येतं, आमदारांकडे जाता येतं. रोजच्या एका आकड्यातून हे कधीच काढता येत नाही, कारण जोडायचे तुकडे त्या आकड्यात आधीच विरघळून गेलेले असतात.

दुसरं उदाहरण. यंत्र आहे, बंद पडू शकतं. पाऊस मोजणाऱ्या भांड्यात पालापाचोळा साचतो, पक्षी घाण करतात, बॅटरी उतरते. भोवतालच्या चार केंद्रांवर दिवसभर मुसळधार आणि मधल्या एकट्या केंद्रावर ०.०, असं कुठे झालं का? हेही एका क्वेरीचं काम. आम्ही गावात बसून दुसऱ्या दिवशी सांगू शकतो की साहेब, यंत्र पाहून घ्या. आज आम्हाला हे कधी कळतं? मदतीच्या यादीत आपलं मंडळ नाही म्हटल्यावर. बैल गेला आणि झोपा केला.

पावसाचं एवढं. आता विम्याचं ऐका, कारण तिथली गोष्ट आणखी वाईट आहे.

२०२३ च्या खरिपापासून आपण १ रुपयात विमा भरत होतो. २०२५ च्या खरिपापासून ते बंद झालं. आता खरिपाच्या अन्नधान्याला, सोयाबीनला विमा रकमेच्या २ टक्के आणि कापसाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आपल्या खिशातून. त्यासोबत वावर पाण्याखाली गेलं की ७२ तासांत तक्रार करा, पाहणीला माणूस येईल, हा रस्ताही बंद झाला. आता भरपाई ठरते ती पीक कापणी प्रयोगावरून निघालेल्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. म्हणजे तुमच्या वावरात काय झालं याला किंमत नाही. मंडळाचा आकडा काय आला, त्याला आहे.

तो हिशोब कसा होतो? मागच्या ७ वर्षांच्या मंडळाच्या उत्पादनातली सर्वांत चांगली ५ वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची, आणि तिचे ७० टक्के धरायचे. याला म्हणतात उंबरठा उत्पादन. यंदाचं उत्पादन त्या उंबरठ्याच्या जितकं खाली, तितके टक्के भरपाई.

एक मांडणी करून दाखवतो. आकडे माझ्या मनाचे आहेत, समजण्यापुरते. एखाद्या मंडळात सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन ७ वर्षांत असं: १३००, ११००, ६००, १२००, १४००, ५००, १००० किलो. चांगली ५ वर्षं धरली तर बेरीज ६०००, सरासरी १२००. त्याचे ७० टक्के म्हणजे ८४०. हा झाला उंबरठा. यंदा आलं ६३०. तूट २१०, म्हणजे २५ टक्के. हेक्टरी ५०,००० रुपयांचा विमा असेल तर भरपाई १२,५०० रुपये.

आता कोणीतरी १४०० च्या जागी ४०० टाइप केलं. एक १ सुटला. चांगल्या ५ वर्षांची बेरीज झाली ५२००, सरासरी १०४०, उंबरठा ७२८. तूट उरली फक्त ९८ किलोची, म्हणजे साडेतेरा टक्के. भरपाई ६,७३० रुपये. हेक्टरी ५,७७० रुपये गेले. एका कास्तकाराचे नाही, मंडळातल्या प्रत्येकाचे. आणि त्या एका वर्षापुरते नाही. तो चुकीचा आकडा ७ वर्षांच्या हिशोबात राहतो, तोवर दरवर्षी.

कोणी मुद्दाम करतं असा माझा आरोप नाही. असं कुठे झालंच आहे, असंही मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, झालं असेल तर पकडणार कोण? आकडा भरणारा त्याच टेबलावर, तपासणारा त्याच इमारतीत, हिशोब करणारी कंपनी मुंबईत. ज्याचे पैसे जातात त्या माणसाला तक्ताच दिसत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

कोणी म्हणेल, मागा ना मग माहितीच्या अधिकारात. मागितली होती राजेहो! मागे एका कार्यालयाकडे मंडळनिहाय उत्पादनाचे आकडे मागितले. काय मिळालं ऐका. संगणकात असलेला तक्ता त्यांनी छापला. छापलेल्या कागदावर सही केली, शिक्का मारला. तो कागद वाकडा ठेवून स्कॅन केला. स्कॅनची पीडीएफ केली आणि मला पाठवली. जिवंत तक्ता मारून त्याचा फोटो माझ्या हातात दिला. शिक्का नेमका आकड्यांवर. ३ आहे की ८, भिंग घेऊन पाहायचं. मग तीन रात्री बसून मी तो परत टाइप केला. म्हणजे संगणकातून कागदावर, कागदावरून संगणकात. याला ते डिजिटल म्हणतात.

आणि पोर्टल? सातबारा पाहायचा तर जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, गट नंबर टाका, मोबाइल नंबर टाका, वाकडीतिकडी अक्षरं ओळखून भरा. मग एक सातबारा दिसतो. दुसरा पाहायचा तर पुन्हा पहिल्यापासून. एका माणसाला एक कागद हवा असेल तर ठीक आहे. पण गावाला गावाचा प्रश्न विचारायचा असेल तर? यंदा गावात धान किती, तूर किती, मिरची किती, मागच्या वर्षीपेक्षा कमी का जास्त? हा प्रश्न ग्रामसभेचा आहे, आणि त्याला पोर्टलवर जागा नाही. पोर्टल म्हणजे खिडकी. खिडकीतून बाबू जेवढं सरकवेल तेवढं घ्यायचं.

जुने लोक आठवा. पटवाऱ्याचं दप्तर गावात यायचं. गाव नमुना बारा, पेऱ्याच्या नोंदी, पैसेवारीचे आकडे. दप्तर लाल कापडात बांधलेलं असायचं, पटवारी चिडायचा, पण चार माणसं जाऊन बसली तर उघडून दाखवावं लागायचं. संगणकानं ते दप्तर आपल्या जवळ यायला पाहिजे होतं. झालं उलटं. गावातून तालुक्याला, तालुक्यातून पुण्या-मुंबईला, तिथून क्लाउडवर. दप्तर जितकं आधुनिक झालं, तितकं आपल्यापासून लांब गेलं.

आता यातली खरी खुपणारी गोष्ट. जोडणी कोणालाच नाही असं नाही.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं. २०२५ ते २०२९ साठी, पहिल्या तीन वर्षांना ५०० कोटी रुपये. त्यात क्लाउडवर उभारायचा कृषी डेटा एक्स्चेंज आहे. म्हणजे शेतीची माहिती एका जागी ठेवायची आणि स्टार्टअप, कंपन्या, संशोधन संस्था यांच्या संगणकांना तिच्याशी जोडायचं. तेलंगणानं हे ऑगस्ट २०२३ मध्येच सुरू केलं, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला सोबत घेऊन. कल्पना चांगली आहे. माझा विरोध नाही.

पण माझा प्रश्न साधा आहे. स्टार्टअपच्या संगणकाला जी तार जाते, ती कुहीच्या ग्रामपंचायतीच्या संगणकाला काहून जात नाही? ज्याच्या वावराची माहिती, तो फक्त डेटा देणारा, आणि वापरणारे सगळे बाहेरचे? आपण ई-पीक पाहणीत फोटो काढून टाकायचे, शेतकरी ओळख क्रमांक काढायचा, पीक कापणीला वावर द्यायचं. भरायचं काम आपलं, पाहायचं काम त्यांचं. ही भागीदारी नाही, ही बटई आहे. आणि बटईतही अर्धा वाटा मिळतो.

कायदा काय म्हणतो ते पाहा, म्हणजे आपण भीक मागत नाही हे कळेल.

माहितीचा अधिकार कायदा २००५. कलम २ मध्ये माहितीच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली माहिती स्पष्ट लिहिली आहे. त्याच कलमात अधिकार कशाचा, तर संगणकात साठवलेली माहिती डिस्केट, फ्लॉपी, टेप किंवा इतर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं मिळवण्याचा. फ्लॉपी! वीस वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना जे समजलं होतं, ते आजच्या शिक्केवाल्यांना समजत नाही. कलम ४ म्हणतं, नोंदी संगणकात घ्या आणि देशभर नेटवर्कनं जोडा, म्हणजे लोकांना त्या सहज पाहता येतील. कलम ७ (९) म्हणतं, माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात साधारणपणे द्यावी, त्यात यंत्रणेवर अवाजवी ताण पडत नसेल तर. आता सांगा, तक्ता तक्ता म्हणून देण्यात ताण जास्त, की छापून, शिक्का मारून, स्कॅन करून देण्यात?

२०१२ साली केंद्रानं राष्ट्रीय डेटा धोरण आणलं. सरकारी पैशानं गोळा झालेली, गोपनीय नसलेली माहिती संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात खुली करा, असं त्याचं सांगणं. राजस्थाननं २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल काढलं. रेशन, रोजगार हमी, पेन्शन, सगळं पंचायतनिहाय, अर्ज न करता. तेही पोर्टलच आहे, पण अर्धा रस्ता तरी चालले. आपण तर माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी, २००२ मध्ये केलेलं राज्य. आपल्याला मागे राहायची लाज वाटली पाहिजे.

आता नेहमीचे आक्षेप. एकेक घेतो.

«डेटा हॅक होईल.» जोडणी म्हणजे गोदामाची किल्ली देणं नाही. मूळ तक्त्याला हातच लावू द्यायचा नाही. त्याची एक वेगळी खिडकी, तिला व्ह्यू म्हणतात, ती तयार करायची, आणि त्यावर फक्त वाचण्याची परवानगी द्यायची. ही परवानगी देणारी आज्ञा एका ओळीची असते. त्यानंतर तुम्ही अ‍ॅक्सेसमधून काहीही बदलायचा प्रयत्न करा, तिकडून नकारच येतो. कोणी, कधी, काय विचारलं याची नोंद राहते. ठरावीक इंटरनेट पत्त्यावरूनच जोडणी चालेल असंही बांधता येतं. बँका हेच करतात.

«लोकांची खासगी माहिती बाहेर जाईल.» पावसाला आधार नंबर नसतो. मंडळाच्या सरासरी उत्पादनाला मोबाइल नंबर नसतो. आम्ही कोणाचं बँक खातं मागत नाही, कोणाचा ओळख क्रमांक मागत नाही. नावाचे रकाने झाकून ठेवा, झाकलेच पाहिजेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्याचं नाव घेऊन पावसाचे आकडे झाकू नका, एवढंच.

«खर्च कोण करणार?» क्लाउडच्या गोदामात प्रत्येक खात्याला रोजची मर्यादा घालता येते. मर्यादा संपली की उद्या या. एका मंडळाचा पूर्ण वर्षाचा तक्ता ५२,५६० ओळींचा, तो तर साध्या एक्सेलमध्येही मावतो. याचा खर्च एखाद्या उद्घाटनाच्या मांडवापेक्षा कमी असेल.

«गावातल्या लोकांना हे कळणार आहे का?» हा आक्षेप मला सगळ्यात जास्त झोंबतो. आपल्या गावातली पोट्टी नागपूरला मिहानमध्ये जाऊन दुसऱ्या देशांच्या बँकांचे डेटाबेस सांभाळतात. आपले सरकार केंद्र चालवणारा पोरगा दिवसातून पन्नास पोर्टलं हाताळतो. ज्या कास्तकाराला ६५ मिलिमीटर आणि ३३ टक्के पाठ आहेत, त्याला तक्ता वाचता येत नाही म्हणता? कळत नाही म्हणून दाखवत नाही, असं नाही. दाखवलं तर कळेल, ही अडचण आहे.

«हवामान खात्याचे आकडे तर खुले आहेत.» आहेत, आणि त्याबद्दल त्यांचे आभार. पुण्याच्या कार्यालयाच्या साइटवर १९०१ पासूनचा पाऊस चौकटींमध्ये मिळतो. पण एक चौकट साधारण २५ ते २७ किलोमीटरची. आपल्याकडे धुऱ्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे ऊन असतं. चौकटीची सरासरी मंडळाचं भांडण मिटवू शकत नाही.

म्हणून मागण्या चारच आहेत.

१. महावेधच्या केंद्रांच्या दर १० मिनिटांच्या नोंदी, आणि यंत्र बंद असलेल्या वेळांची नोंद, फक्त वाचण्याच्या जोडणीनं ग्रामपंचायतींना आणि मागेल त्या नागरिकाला द्या.

२. मंडळनिहाय, पीकनिहाय मागच्या ७ वर्षांचं उत्पादन आणि त्यावरून काढलेलं उंबरठा उत्पादन त्याच पद्धतीनं द्या. ज्या कापणी प्रयोगांवरून सरासरी निघाली, त्या प्रत्येक प्रयोगाचं वजन नावं झाकून द्या.

३. कृषी डेटा एक्स्चेंजमध्ये कंपन्यांना जी माहिती जोडून मिळेल, ती गावाच्या हद्दीपुरती गावाला फुकट आणि आधी मिळाली पाहिजे.

४. जोडणी होईपर्यंत निदान सीएसव्ही फाइल द्या. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे माहिती दिली असं धरू नका.

माहिती एनआयसीच्या सर्व्हरवर असो की खासगी क्लाउडवर, ओडीबीसी दोन्हीकडे चालतं. म्हणून «आमची सिस्टीम वेगळी आहे» हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

आता आपण काय करायचं?

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. मजकूर असा घ्या: «ग्रामपंचायत हद्दीच्या महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या दर १० मिनिटांच्या नोंदी, तसेच पीक कापणी प्रयोगांचे व उंबरठा उत्पादनाचे मागील ७ वर्षांचे आकडे ग्रामपंचायतीच्या संगणकावर केवळ वाचण्याच्या परवानगीसह थेट उपलब्ध करून द्यावेत, असा ठराव सर्वानुमते मंजूर.» प्रत तालुका कृषी अधिकारी, जिल्हाधिकारी आणि पुण्याचे कृषी आयुक्त यांना पाठवा. पोचपावती घ्या.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाही. अर्जात हे वाक्य विसरू नका: «माहिती कलम ७ (९) नुसार संगणकीय तक्त्याच्या स्वरूपात, सीएसव्ही फाइलमध्ये हवी आहे. स्कॅन प्रत नको.» ३० दिवसांत आली नाही, किंवा पुन्हा शिक्केवाली पीडीएफ आली, तर पहिलं अपील करा. तिथंही नाही झालं तर राज्य माहिती आयोगाचं नागपूर खंडपीठ आहे. एका गावानं केलं तर फाइल दाबतील. मांढळ, वेलतूर, पचखेडी, तितूर, राजोला सगळीकडून गेली तर दाबायला जागा पुरणार नाही.

आपल्या तालुक्यानं गोसेखुर्दमध्ये गावं दिली, जमिनी दिल्या. ३७२ कोटींचं धरण १८ हजार कोटींच्या पुढे गेलं, आणि त्या सगळ्या वर्षांत आपल्याला एकच सांगितलं गेलं, कागद वर आहेत, वरून आले की सांगू. आता कागदही राहिले नाहीत, सगळं क्लाउडवर गेलं. मग «वर आहे» हे कारण संपलं. क्लाउड नागपूरपासून जितका लांब, तितकाच कुहीपासून.

ज्याला अ‍ॅक्सेस किंवा बेस जोडून पाहायचं असेल त्यानं लॅपटॉप घेऊन यावं, मी सोनेगावचा पाऊस काढून दाखवतो. ड्रायव्हर टाकण्यापासून पहिल्या उत्तरापर्यंत एक तास लागतो. ज्या दिवशी मुंबईवाले दार उघडतील, त्या दिवशी आपल्या प्रत्येक गावात तो तक्ता वाचणारा एक तरी माणूस तयार पाहिजे. नाहीतर उद्या तेच म्हणतील, आम्ही दिलं होतं हो, यांनाच घेता आलं नाही.

सरपंच, उपसरपंच, गटांचे अध्यक्ष, आपले सरकार केंद्रवाले, सगळ्यांना ही पोस्ट पाठवा. पक्ष कोणताही असो. पाऊस पक्ष पाहून पडत नाही.